दम्याची डबी आणि देवीची पायरी

देवीवर माझा विश्वास होता, डॉक्टरवर मात्र नव्हता. बोरी अरबच्या बाजूला जिनिंगमध्ये उभी हयात कापसाच्या धुळीत गेली आणि छातीत दमा येऊन बसला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, सोबत शिट्टीसारखी तोंडात धरायची प्लास्टिकची डबी दिली, तीत कॅप्सूल घालून कशी ओढायची तेही दाखवलं. मी 'हो हो' म्हणत मनात एसटीची वेळ पाहत होतो. घरी येऊन दोन महिने त्या कॅप्सूल देवीच्या तीर्थासोबत भक्तिभावानं गिळल्या. गुण शून्य. डॉक्टर बिनकामाचा, असा निकाल मी पारावर जाहीरही करून टाकला.

त्या नवरात्रात बायकोला घेऊन टेकडीवरच्या देवीला निघालो. "डबी ठेवली पिशवीत," ती म्हणाली. "कायले? देवीपुढं शिट्टी वाजवू का?" मी खेकसलो.

अर्ध्या पायऱ्यांवर छातीला कुलूप लागलं. श्वास येईना, डोळ्यांपुढं अंधारी. देवीचा धावा करत कॅप्सूल तोंडात टाकली, तोच नारळ विकणारी म्हातारी ओरडली, "थुका ते! गिळून काय राह्यले भाऊ? ओढायचं औषध हाय ते! माह्या घरच्यानं आठ वर्सं ओढलं." तिनं बायकोच्या पिशवीतून डबी काढली, नवी कॅप्सूल भरून फिरवली. मी अधाशासारखा ओढायला गेलो, तर तिनं हातच धरला.

"पयले आतली हवा सोडा. सोडल्याबिगर नवी घ्यान कुठं?"

सोडली. मग ओढली. डबीत खुळखुळ वाजलं, जिभेला गोडसर पूड लागली. पाच-दहा मिनिटांत कुलूप सैल झालं आणि मी पायरीवर बसून लेकरासारखा रडलो. बायको डोळे पुसत म्हणाली, "वाजली का शिट्टी?"

पुढच्या वर्षी नारळ घेऊन त्या म्हातारीचे पाय धरायला गेलो, तर त्या जागी दुसरंच दुकान. ती कोण होती, हा वाद मी घालत नाही. इतकंच कळलं, की जन्मभर देवीपुढं मागायला उभा राहिलो तो स्वतःच्या शहाणपणानं गच्च भरून. तिनं दिलेलं ठेवायला जागाच नव्हती.

आता बायकोही नाही. रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं डबी घेऊन बसतो. आधी सगळं सोडतो, मग ओढतो. खुळखुळ वाजतं, आणि ती शेजारी हसते.