उन्हाळी सेटिंग

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घरी पितरांची घागर भरून झाली, आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं, की मी स्कूटर काढून सेंटरला जायचो. सुट्टीचा दिवस, मशीनवर कोणी नसायचं. सर्व्हर बंद करायचा, पुन्हा सुरू होताना कळ दाबून धरायची आणि त्या निळ्या पडद्यात शिरून प्रोसेसरचा वेग उतरवून ठेवायचा. पूर्ण दौड बंद, रिकामा वेळ मिळाला की झोप. मग जूनमध्ये, मृग लागला की, परत येऊन सगळं मोकळं करायचं. याला मी ‘उन्हाळी सेटिंग’ म्हणायचो. कोणत्याही पुस्तकात हे सापडणार नाही. अमरावतीच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीत, अर्धवट चालणाऱ्या एसीसमोर ज्यानं सर्व्हर सांभाळला आहे, त्यालाच हे सुचतं.

सेंटर म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅनचं. मुख्य जागा अमरावतीला, शाखा अकोल्याला. तिकडे काढलेली चित्रं इकडे यायची आणि मॅडम ती वाचायच्या. सेंटर मॅडमचंच. दोन गावांमधली ही ये-जा एका फायरवॉलमधून, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारातून होते, आणि ती फायरवॉल मी विकत आणलेला डबा नव्हती. उन्हाळी सेटिंगवाल्या त्याच साध्या सर्व्हरवर मी ती स्वतः उभी केली होती. त्याचा मला फार अभिमान होता. आहे.

मी कमी बोलणारा माणूस. याचा एक फायदा असा, की तुम्ही गप्प असलात की लोकांना वाटतं तुम्ही विचार करत आहात. एका वर्षी माझ्या मोजक्या शब्दांवर एका माणसाची बदली झाली, आणि खरं कळल्यावरही मी गप्प राहिलो. ते आता लिहून टाकतो.

त्या जूनमध्ये आमच्या गावी, वलगावला, वडिलांचा पाय मोडला. मृग लागला तेव्हा मी दवाखाना आणि घर यांच्यातच होतो. परत कामावर आलो तेव्हा हवा गार झाली होती, आणि उन्हाळी सेटिंग काढायची राहिली हे माझ्या ध्यानातूनच गेलं.

जुलैमध्ये अकोल्याला नवीन सीटी मशीन बसलं. त्यासाठी तिथल्या भाऊंनी नवी फायबर लाइन ओढली. अकोल्याचं सगळं केबलचं काम या भाऊंकडे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. घरची माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, आणि फुलांची शेती, अकोल्याला लागूनच. पहाटे मेथी-पालक तोडायचे, जुड्या बांधून बायकोच्या हवाली करायचे आणि मग ड्युटीवर यायचे.

आणि चित्रं यायला उशीर होऊ लागला. आधी एक्स-रे यायचे, ते हलके. सीटीचा एक पेशंट म्हणजे शेकडो चित्रं. मॅडम खुर्चीत बसून वाट पाहायच्या, अकोल्याचे पेशंट रिपोर्टसाठी बाकावर बसून राहायचे. मला बोलावणं आलं.

मी पडद्यावर पाहिलं. प्रोसेसर बारा-तेरा टक्के कामात. म्हणजे जवळजवळ रिकामाच. मी म्हणालो, “आपल्याकडे काही नाही मॅडम. लाइनमध्ये असेल.”

अकोल्याहून भाऊंचा फोन आला. “सर, लाइन साफ आहे. मी दोनदा टेस्ट केली.”

“टेस्टर जुना आहे तुमचा.”

“टेस्टर जुना हाय, पण मी तं जुना कारागीर हावो नं!” ते हसले. मी हसलो नाही. मॅडमनी लेखी मागितलं, मी पाच ओळी लिहून दिल्या: अकोल्याच्या नव्या जोडणीत दोष असावा. ‘असावा’ लिहिलं, म्हणजे माझ्यावर काही यायला नको. भाऊंनी भर पावसात अर्धी लाइन उकरून पुन्हा टाकली. वेग तोच. मग मॅडम म्हणाल्या, “त्यांना इकडे घ्या, तुमच्या नजरेखाली.” अकोल्याला दुसरा माणूस ठेवला.

झालं. भाऊ रोज पहाटेची गाडी धरून अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनावर उतरू लागले आणि तिथून ऑटोनं माझ्या शेजारच्या टेबलावर. भाजी तोडायचं काम सगळं त्यांच्या बायकोवर पडलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सर्व्हरच्या मागे तळहात धरला. “सर, हे मशीन काम करून राह्यलं का झोपून राह्यलं? हवा तं थंडी येऊन राह्यली.”

“एसीची हवा आहे ती,” मी म्हणालो. त्यांनी हात काढून घेतला. भाऊंचं ते वाक्य मला त्यानंतर किती वेळा ऐकू आलं, सांगू शकत नाही.

तरी ते महिने वाईट गेले असं म्हणता येत नाही, आणि हेच मला जास्त लागतं. भाऊंच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकर जास्तीची असायची. आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, ठेचा. मी नको म्हणालो की म्हणायचे, “तुमी लाजता कावून? मी तुमच्या हाताखाली हावो, गुरुदक्षिणा समजा.” त्यात टोमणा नव्हता. माझी बायको आजारी होती आणि त्यातच मुलीची परीक्षा आली, तेव्हा दोन आठवडे माझा दुपारचा डबा अकोल्याहून आला. मी कधी धड आभारही मानले नाहीत.

वर्ष फिरलं. अखजी आली. घागर भरली, जेवलो, सेंटरला गेलो, सर्व्हर सुरू करताना कळ दाबली आणि वेग उतरवायला हात पुढे केला.

तो उतरलेलाच होता.

मी खुर्चीत बसलो. बाहेर रस्त्यावर कुणी चिटपाखरू नाही, ऊन नुसतं पांढरं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यापासून तो असाच बांधलेला होता. मग सर्व्हर सुरू केला आणि आधी करायला हवं होतं ते केलं. पडद्यावरची सरासरी बाजूला ठेवून एकेक कोर वेगळा पाहिला. आठ कोर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे आठ हात. अकोल्याची सगळी वाहतूक एका बोगद्यातून, म्हणजे एकाच कुलूपबंद जोडणीतून येत होती, आणि ते सगळं उलगडायचं काम एकट्या एका कोरवर पडत होतं. तोही अर्ध्या वेगात बांधलेला. खात्रीसाठी मी अकोल्याहून एक मोठी फाइल ओढून पाहिली: तो एक शंभर टक्के, बाकी सात बसलेले. आठांची सरासरी काढली की बारा-तेरा. त्या बारा-तेरावर मी एका माणसाच्या कामाचा निकाल लावला होता.

त्या दोन दिवसांत मी सगळं केलं. झोप बंद केली, वेग मोकळा केला. एका बोगद्याचे चार केले, नेटवर्क कार्डाच्या रांगा वेगवेगळ्या कोरना वाटून दिल्या. खोली तापणार म्हणून भिंतीला मोठा एक्झॉस्ट पंखा हवा होता. तो भाऊंनीच बसवला, घामाघूम होऊन.

सीटी भराभर यायला लागले. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय केलंत?” मी म्हणालो, “सेटिंग जरा सुधारली.” खोटं नव्हतं. टाळ्या वाजल्या. आणि भाऊ उठून माझ्याकडे आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, “सर, माह्या लाइनीची खराबी तुमी झाकून घेतली. उपकार झाले.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. पुढे चार महिने उघडलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवसाचं मटण खाऊन आळसावलेली दुपार. भाऊ केबलच्या टोकांना कनेक्टर बसवत होते. ज्या माणसानं हे काम डोळे मिटून केलं असतं, तो एक बसवायचा, टेस्टरला लावायचा, कापून टाकायचा, पुन्हा बसवायचा. चांगले होते सगळे. मग माझ्यापुढे एक धरला. “जरा पाहा बरं, बराबर हाय का?”

“भाऊ, बरोबरच आहे. टेस्टर सांगतोय नं.”

“टेस्टर तं तवाही सांगे. आता हातावर भरोसा नाई राह्यला, सर.”

मग मी सांगितलं. उन्हाळी सेटिंग, मृग, वडिलांचा पाय, बारा-तेरा टक्के, अखजी. पाय मोडल्याचं सांगताना माझं मलाच कळलं की ही पळवाट आहे, म्हणून ते मधेच सोडून दिलं. शेवटी म्हणालो, “चार महिन्यांपासून मला माहीत आहे.”

भाऊ ऐकत होते. कनेक्टर अजून हातातच. “म्हंजे लाइन साफ होती?”

“होती.”

“पयल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी तो कनेक्टर टेबलावर ठेवला. त्यांना आणखी काही विचारायचं असेल म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं ते एवढंच: “मॅडमले सांगतलं का?”

“नाही.”

“मंग मले कायले सांगून राह्यले बावा? मले माहीत होऊन काय होते? चाला.” ‘सर’ गळून गेलं होतं. मी त्यांच्या मागे गेलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “तेव्हा दिलं होतं तसंच. आणि ‘असावा’ नको या वेळेस.” मी लिहिलं. दोष माझ्या सेटिंगमध्ये होता. अकोल्याची जोडणी पहिल्यापासून निर्दोष होती. मॅडमनी त्याची एक प्रत भाऊंना दिली. ती घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

“ही उन्हाळी सेटिंग कुठे लिहिलेली आहे?” मॅडमनी मला विचारलं.

“डोक्यात.”

“सर्व्हरच्या दारावर लावा. आणि सहा महिने दर शनिवारी अकोल्याला जाऊन तिथली तपासणी तुम्ही करायची.”

सोमवारपासून भाऊ पुन्हा अकोल्याला. आणि मी शनिवारच्या गाडीत. बडनेऱ्याच्या फलाटावर पहाटे उभा राहिलो तेव्हा कळलं, हा माणूस वर्षभर रोज इथे उलट्या दिशेनं उतरत होता, आणि नऊला हसत टेबलावर असायचा.

पहिल्याच शनिवारी ते मला ओढून घरी जेवायला घेऊन गेले. वहिनी अंगणात झेंडूच्या टोपल्या भरत होत्या. वर पाहत म्हणाल्या, “हेच का थे सर, ज्यायची मशीन झोपली होती?”

मी मान खाली घातली. “हो वहिनी.”

“तुमची मशीन झोपे नं इकडे माह्या झोपेचं खोबरं होये. एकटीनं तोडे मी मेथी.” आणि लगेच आत वळून, “बसा. आंबाडी केली हाय. तुमाले आवडते म्हने.”

मी त्या घरात जेवलो. सहा महिने संपले, तरी अधूनमधून जेवतोच. इतकं मला कुणी दिलेलं नाही, आणि जे दिलं ते परत करता येण्यासारखं नाही, म्हणून निदान लिहून ठेवतोय.

उन्हाळी सेटिंग मी अजून लावतो, पण आता झोप बंदच ठेवतो, फक्त वेगाला थोडा लगाम. दारावर कागद आहे. मोबाइलमध्ये गजर आहे. तरीही मृग लागला की अकोल्याहून फोन येतो. यंदाही आला.

“काढली का?”

“काढली, भाऊ. सकाळीच.”

“मांगून हात लावून पाह्यला?”

“नाही. पडद्यावर दिसतंय सगळं.”

“पडदा कायले सांगता मले? जा. मी फोन धरून हावो.”

मी उठलो, सर्व्हरच्या मागे गेलो आणि तळहात धरला. हवा चांगली गरम येत होती.

“गरम आहे,” मी म्हणालो.

“हां,” ते म्हणाले. “आता ठेवा. माह्ये हात चिखलानं भरले हाय.”