मागच्या रांगेपर्यंत पोचलेलं गाणं

ग्रुपमधल्या सर्वांना जय भीम. माफ करा, हे मी सहा वर्षांआधीच लिहायला पाहिजे होतं.

मी जन्मभर गावच्या दंडारीत, म्हणजे आपल्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, गायलो. माईक नसायचा. मागच्या रांगेला ऐकू जाईल तोच गाणारा, असं आम्ही मानत होतो. माझा मुलगा विनय मात्र गिटार घेऊन हळू आवाजात गायचा. सहा वर्षांआधी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मागं पोचून नाही राहिला तुया आवाज! उतर खाली!"

तो उतरला आणि तसाच गाव सोडून गेला.

आज दुपारी सडक अर्जुनीच्या ढाब्यावर चहा पीत बसलो होतो. टीव्हीवर या आठवड्याची गाणी नंबरवार दाखवत होते. पहिल्या नंबरला गिटारवरचं एक संथ गाणं लागलं. आवाज ओळखला आणि कप खाली ठेवला. खाली नाव विनयचंच होतं.

शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "चाचा, रायपुर तक यही सुनते जाता हूँ."

"मेरा लड़का है."

तो हसला. "तो फोन लगाओ ना, हम भी बात करेंगे!"

माझ्याकडे विनयचा नंबरच नाही. नाव झाल्यावर बाप आठवला, असं तर तो म्हणणार नाही ना? सकाळपर्यंतही धीर निघत नाही.

कोणाची मुलं मुंबई-पुण्याला असतील, तर त्याला एवढंच सांगा, आवाज पोचला. मागच्या रांगेत आता बापच बसला आहे. काहीही कळलं तरी लवकर कळवा.