पदरातलं खडेमीठ

नायगावच्या शेतात काम चालू असलं की मी दुपारी ताकाची कळशी घेऊन जायची. ह्यांना ताक लई खारट आवडायचं. "टाक गं अजून," म्हणायचे, आणि मी पदराची गाठ सोडून खडेमीठ काढायची. घामानं भिजलेला सदरा आन् घटाघटा ताक पिणं, अजून डोळ्यापुढं हाय.

पुढं उतारवयात ह्यांचं बीपी निघालं. तीन-तीन गोळ्या झाल्या तरी खाली येईना. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. तिच्यात गाठ होऊन ती जास्त हार्मोन सोडत असेल तर ऑपरेशन लागेल. आधी रक्त तपासू, तोवर जेवण-पाणी रोजच्यासारखंच ठेवा.

ऑपरेशन ऐकून मी मनाशी ठरवलं, ते होऊ द्यायचं न्हाई. रोजच्यासारखं खारट ठेवलं तर रिपोर्ट खराबच येणार की! श्रावण होता. मी दरवर्षी अळणी धरायची, ह्या वेळी ह्यांनाही धरायला लावलं. पाणीसुद्धा हात राखूनच दिलं.

"अगं, हे वरण हाय का भांडे धुतलेलं पाणी?"

"खावा गुमान. देवाचं हाय."

"देवाला तरी जिभेला चव हाय का न्हाई?"

रिपोर्ट पाहून बाई बुचकळ्यात पडल्या. "आजोबा, मीठ बंद केलं होतं का?" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडं.

बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "आजी, मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाला वाटतं दुष्काळ पडला. ते एक हार्मोन सोडतं, त्याच्या सांगण्यावरून ग्रंथी दुसरं सोडते, आहे ते मीठ-पाणी धरून ठेवायला. आता हे दुसरं हार्मोन ग्रंथीच्या खोडीनं वाढलं की तुमच्या अळणीनं, मी कसं ओळखू?"

मग बाईंच्या देखरेखीखाली काही दिवस नेहमीचं जेवण. पहिल्या दिवशी मी पदराची गाठ सोडून ताकात खडेमीठ टाकलं. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "शेतातलं ताक," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या तपासणीत ग्रंथी बरी निघाली. ऑपरेशन टळलं. "आता मात्र मीठ खरंच कमी करायचं, कायमचं," बाई म्हणाल्या. "पण पाणी तोडू नका."

बसमध्ये हे म्हणाले, "चार दिस तरी जेवलो बग."

आता ह्यांच्या ताकात नुसते जिरे असतात. माझ्याबी. पदराला गाठ मारायची सवय काही सुटली न्हाई, आत ह्यांची दुपारची गोळी असते.