माप घेताना विचारायचा प्रश्न

कटिंगच्या टेबलाशी ती उभी राहिली की शिवणाच्या त्या दुकानात चूं करायची कुणाची टाप नव्हती. सगळे तिला मास्तरीण म्हणत. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्याचं तिला कोण कौतुक! "सुटले बाई एकदाची," असं गिऱ्हाइकांनाही बिनदिक्कत सांगायची.

एके दुपारी तिच्या खुर्चीवरच्या पांढऱ्या अस्तरावर लाल डाग दिसला. झालं! शिवणाच्या दुकानात लाल डाग म्हणजे कुणाचं तरी बोट सुईखाली गेलेलं. "कुणी माखवलं हे? दाखवा बोटं!" मशीनवरच्या बायकांनी मुकाट्याने हात पुढे केले. एकीचंही बोट टोचलेलं नव्हतं. काजबटणं करणारी पुटपुटली, "मास्तरीणबाई, त्यावर तुम्हीच बसला होता."

मास्तरीण आत जाऊन आली ती खो खो हसतच. "अगं बया! या वयात कारखाना परत सुरू झाला की! नवऱ्याला सांगते, जरा जपून राहा म्हणावं." सगळ्या फिदीफिदी हसल्या. काजबटणवाली तेवढी हसली नाही.

"माझ्या आईलाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "आम्हीही अशाच हसलो. हसण्यावारी नेलं, आणि मग आईच गेली."

मशीनं थांबली. मास्तरणीचं तोंड मात्र कसलं बंद होतंय! "अभद्र बोलू नकोस मेले," म्हणाली, आणि चपला घालून तडक दवाखाना गाठला.

"पाळी गेली की गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानंतर एक थेंब दिसला तरी तपासायचं. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं, पण तपासल्याशिवाय कसं कळणार?"

तिचं साधं निघालं नाही. गर्भपिशवीत कॅन्सर होता, नशिबाने अगदी सुरुवातीचा. पिशवी काढायची म्हटल्यावर नवरा रडायलाच लागला. "गप्प बसा हो," ती खेकसली, "त्यातून काय अजून पोरं काढायचीत?" ऑपरेशनला नेताना मात्र तिने त्याचा हात सोडला नाही. भयंकर घाबरली होती.

बरी होऊन आली ती नवीच खोड घेऊन. पन्नाशी उलटलेली बाई मापाला आली की छाती, कंबर, बाही घेऊन झाल्यावर खणखणीत आवाजात विचारायची, "आणि पाळी गेल्यावर डागबिग?" कुणी लाजायच्या, कुणी चिडायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका तर ताडकन उठून गेल्या. "माप द्यायला आलेय, अब्रू नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. हातात कापड नव्हतं. मापाच्या खोलीचा पडदा ओढून घेत म्हणाल्या, "तीन-चार महिने झाले. कुणाला सांगितलं नाही."

मास्तरणीने एक सणसणीत शिवी हासडली, त्यांचा दंड धरला आणि भर बाजारातून त्यांना दवाखान्याकडे ओढत निघाली.

"हळू हो," मुख्याध्यापिका कुजबुजल्या, "लोक बघतायत."

"बघू देत. रक्त तुमचं जातंय, लोकांचं काय जातंय?"