ठकुबाईचा डोह

भिवंडीच्या वरच्या अंगाला, आमच्या गावाजवळ, कामवारी नदीचा एक डोह आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या पोरींना त्यात ढकलायचं काम ठकुबाईचं. पोरीच्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा, स्वतःचा काष्टा कसायचा आणि ओरडायचं, "हातपाय मार, न्हाय तर तुझी आय मला मारंल!" मीही अशीच शिकले. मुलगे काय, कुठेही शिकतात. पोरींना हा एकच डोह.

खाली शहरातले लोक या नदीला नाला म्हणतात. ठकुबाईसमोर म्हणाले, तर त्यांचं काही खरं नसतं.

यंदा डोहाच्या वर एका गाळ्यात कापड रंगवायचं डाईंग सुरू झालं. परवानगी होती की नव्हती, देव जाणे. दुपारी पाइपातून रंगाचं पाणी सुटायचं, ते थेट डोहात. ठकुबाईची नात रुचिका अंगभर पुरळ घेऊन घरी आली, तशा बाकीच्या आयांनी आपापल्या पोरी घरात बसवल्या. तक्रार नेली, तर साहेब लोक "बघतो" म्हणाले आणि बघतच राहिले. कुणीतरी शहाण्यानं सुचवलं, की काल्हेरच्या कॉम्प्लेक्समध्ये तरणतलाव आहे, तिथे न्या पोरींना.

"दारात नदी असून?" ठकुबाई भडकली.

तिनं बायकांना मोर्चाला बोलावलं. माझ्याशिवाय एकही आली नाही. कुणी शिफ्टवरून दमून आलेली, कुणाचा भात चुलीवर. मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला सांगू!

मग एका दुपारी ठकुबाई नळाच्या कोपऱ्यावर उभी राहून ओरडली, "पानी सुटलं गं! पानी सुटलं!"

आमच्याकडे नळाच्या पाण्याचा नेम नाही. ही आरोळी ऐकली की बाई तव्यावरची भाकरी सोडून धावते. सगळ्या हंडे-कळश्या घेऊन आल्या. नळ कोरडा ठाक.

"हितं न्हाय, तिकडं पाइपावर सुटलंय," म्हणत ती चालू लागली. मोठी लाइन फुटली असेल, असं वाटून सगळ्या मागोमाग पळाल्या.

पाइपातून लालभडक पाणी डोहात पडत होतं.

"खोटं बोलले का? सुटलंय ना? भरा!"

शेजारच्या वनिताने शिवी द्यायला तोंड उघडलं. मग तिनं डोहाकडे पाहिलं. तीही इथेच पोहायला शिकली होती. शिवी गिळून तिनंच पहिला हंडा पाइपाखाली धरला.

भरले हंडे डोक्यावर घेऊन बायका डाईंगच्या गेटात शिरल्या. मॅनेजर धावत आला. "अरे मावशी, ये क्या लाया?"

"माल रिटर्न," ठकुबाई म्हणाली. "खराब तागा आला का तुम्ही परत धाडता ना? तुमचं पानी खराब निघालं."

आणि ऑफिसच्या फरशीवर हंडा ओतला. मग वनिताने, मग मी, मग सगळ्यांनी. लाल ओघळ कोपऱ्यात रचलेल्या पांढऱ्या ताग्यांपर्यंत पोचला तेव्हा तो माणूस खरा घाबरला. "बंद करता हूँ, आज ही बंद करता हूँ!"

आणि पाइप बंद झाला. पाणी निवळायला वेळ लागला, पण सुट्टी संपायच्या आत पोरी डोहात उतरल्या. एके दिवशी मॅनेजर काठावर येऊन उभा राहिला. आवाज अगदी गोड. "मावशी, हफ्ते में एक बार छोड़ूँ, तो चलेगा?"

ठकुबाई कमरेएवढ्या पाण्यात, रुचिकाच्या पोटाखाली हात धरून उभी होती. तिनं मान वळवली नाही.

"सोड ना बाबा," ती म्हणाली. "तू पानी सोड, मी बाया सोडते."