रोज एकपासून

"आबांच्या छातीत परत दुखलं. आईला सांगायचं न्हाय म्हणालेत."

माझ्या मुलीच्या कॉलेजातल्या सरांनी पडद्यावरचं वाक्य भर वर्गात मोठ्यानं वाचलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ती आई, म्हणजे मी, समोरच्या बाकावर बसले आहे. आबा म्हणजे माझे मालक, पोरीचे वडील; तेही शेजारीच होते. मुलांची कामं बघायला कॉलेजनं त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं.

मुलीनं कॉम्प्युटरवर चिठ्ठीला घालायचं कुलूप तयार केलं होतं. मी चौथी शिकलेली, पण तिनं मला ते आमच्या धंद्यावरून सांगितलं होतं. आमचा मिरची कांडपाचा डंक. हॅश नावाचं एक गणित असतं, ते तसंच. कुटून पडलेल्या चटणीची, म्हणजे तिखटाची, परत मिरची होत नाही. मात्र तेच जिन्नस घातले तर दर वेळी तीच चटणी पडते. ती आपला गुप्त शब्द आणि एक नंबर त्यात घालायची आणि जे पडेल ते चिठ्ठीच्या अक्षरांत मिसळायची. पुढच्या अक्षरांना पुढचा नंबर. ज्याला शब्द माहीत, तो तीच चटणी पाडून वजा करणार आणि चिठ्ठी वाचणार.

घोटाळा नंबरात झाला. डंकावर आम्ही गिऱ्हाइकाला पत्र्याचा बिल्ला देतो, आणि रोज सकाळी पहिल्या बाईला एक नंबरचा. पोर त्यातच वाढलेली. तिनंही रोज एकपासूनच सुरू केलं. म्हणजे कालच्या आणि आजच्या चिठ्ठीत चटणी एकच. एक चिठ्ठी तिनं सरांना नमुना म्हणून कुलपासकट आणि उघडूनही दिली होती. तिच्यावरून त्यांनी चटणी काढली आणि दुसऱ्या चिठ्ठीतून वजा केली. ती दुसरी तिनं मैत्रिणीला लिहिली होती, आणि कुलूप फुटायचं नाही म्हणून तीही कामाला जोडली होती. गुप्त शब्द सरांना लागलाच नाही.

"हॅश पक्कं आहे गं," ते हळू आवाजात म्हणाले. "नंबर परत वापरलास, तिथं फसलीस."

मुलगी रडत होती. मार्कांसाठी नव्हे, बापाला दिलेला शब्द मोडला म्हणून.

मालक खाली बघून म्हणाले, "ॲसिडिटी हाय ती. मिरचीचा सीझन तरी संपू दे की."

"सीझन करायला माणूस नको व्हय? उठा."

सर स्वतःच रिक्षा बघायला धावले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि ह्यांना घरी सोडलंच नाही. सीझनभर डंकावर उभे राहिले असते तर तिथंच पडले असते, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. मुलीशी मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून मोसंबी सोलून घेतली.

मुलीनं नंतर एकदा वापरलेला नंबर परत येणार नाही अशी सोय केली आणि पास झाली. डंकावर मात्र अजून रोज एकपासूनच. बिल्ले द्यायला मालकच बसतात. वाचले ते.