कुणालीचा चाकू आणि माझी पर्स

आमची कुणाली गुरांवर उपचार करते. पदविका घेतली आहे, डॉक्टर नाही. पण टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत सगळे तिला डॉक्टरीणबाय म्हणतात आणि तीही कुणाला दुरुस्त करत नाही. दूध संस्थेत नोकरी. सकाळी सातला गमबूट, थर्मास आणि सलाइनच्या बाटल्या स्कूटरला लटकवून निघते. शहापूरच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या बाईची मुलगी म्हशीच्या मागे उभी राहून पगार मिळवते, हे नातेवाइकांना सांगताना मी ‘पशुवैद्यकीय क्षेत्रात आहे’ असं म्हणते. क्षेत्र म्हटलं की शेण दिसत नाही.

गेल्या दिवाळीत तिने एक चाकू घेतला. मिटणारा, काळ्या मुठीचा, पातं जेमतेम बोटभर. उजव्या खिशात क्लिप लावून ठेवायची.

“कामाला लागतो,” ती म्हणाली.

“कात्री ने की.”

“कात्री एका हाताने उघडत नाही, आई. दुसऱ्या हातात गाय असते.”

मला त्या चाकूची यादीवार भीती वाटायची. पोलीस अडवतील. स्कूटरवरून पडली तर मांडीत घुसेल. कुणी हिसकावून तिच्यावरच चालवेल. मुलाकडचे बघायला आले आणि पोह्यांच्या बशा देताना खिशातून पडला तर. ही शेवटची सगळ्यात मोठी, हे कबूल करते. मोबाईलवर शोधलं, तर एक गृहस्थ टेबलावर दहा चाकू मांडून एकेकाचे गुण लग्नाच्या स्थळासारखे सांगत होते. बघून भीती गेली नाही. तिला फक्त मापं मिळाली.

आणि ही भीती मी बाळगत होते कुठल्या घरात, तर जिथे माझे सासरे देवजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कमरेला लाकडी आकडी बांधतात आणि तीत हातभर कोयता अडकवून फिरतात. तसेच एसटीत चढतात. तसेच मुरबाडला बँकेत जातात. कंडक्टर फार तर म्हणतो, “बाबा, जरा सरकून, पोरं आहेत.” सव्वीस वर्षांत त्या कोयत्याने माझी झोप एकदाही उडवली नाही. बोटभर पात्याने मात्र उडवली.

सासऱ्यांचा आक्षेप वेगळाच होता. त्यांनी चाकू उघडला, अंगठ्यावर धार पाहिली आणि विचारलं, “ह्यानं काय कापायचं गो? नखं?”

“दोरी कापायची, आजा.”

“दोरी कोयत्यानं नाय कापत?”

“कापते. दोरीला लागून गायीची मान नसली तर.”

सासरे हसले. मी नाही. घरात त्या चाकूवर दोनच मतं होती, तो फार लहान आहे आणि तो फार भयंकर आहे. दोन्ही बाजूंना कुणालीची गरज नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वैशाखऱ्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. कुणालीने नवा ड्रेस घातला, चांगला मोरपंखी, पण त्यालाही खिसा शिवून घेतलेला. कशासाठी, ते मी ओळखलं. ती वेणी घालत असताना मी टेबलावरचा चाकू उचलला आणि रुमालात गुंडाळून, गाठ मारून माझ्या पर्समध्ये टाकला. घरात ठेवला असता तर सासऱ्यांनी त्याने सुपारी कातरली असती.

“आई, माझा चाकू बघितलास?”

“नाही बाई. साखरपुड्याला कशाला हवाय? केक कापायला ते सुरी देतील.”

ती दोन मिनिटं शोधत राहिली. मग उशीर होतो म्हणून स्कूटरवर निघालो. मी मागे बसले, मांडीवर पर्स घट्ट धरून. पोलीस अडवतील ही भीती होतीच. आता त्यांनी अडवलं तर हत्यार माझ्याकडे निघणार होतं. इतका दूरचा विचार मी सकाळी केला नव्हता.

टोकावडं मागे पडलं आणि पुढच्या पाड्याच्या वळणावर एक बाई दोन्ही हात पसरून रस्त्यात आली. सावळी. तिच्या गायीला कुणालीने मागच्या महिन्यात तपासलं होतं, गाय सात महिन्यांची गाभण होती.

“डॉक्टरीणबाय, चल गो. गाय मरते माझी.”

गाय शेताच्या उंच बांधावर आंब्याला बांधलेली होती. पाय घसरून खाली आली आणि नायलॉनच्या दोरीला लोंबली. सावळीचा नवरा भगीरथ, त्याने धावत जाऊन कोयत्याने दोरी झाडापाशी तोडली. गाय जमिनीवर आली, पण गळ्यातला फास आवळलेलाच राहिला आणि कातडीत रुतला. जीभ बाहेर, निळी पडलेली. घशातून करवतीसारखा आवाज. भगीरथ कोयता घेऊन तिच्या मानेजवळ वाकला होता आणि हात मागे घेत होता.

“घालू कुठं? फास दिसतच नाय. मानेवर बसला तर?”

“नको घालू, दादा.” कुणाली नव्या ड्रेसानिशी गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताची दोन बोटं तिने गायीच्या मानेखाली खुपसली. उजवा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. औषधांची पेटी घरी होती. रविवार ना.

“सावळे, पातळ सुरी आहे?”

“विळी हाय. फळीला ठोकलेली.”

कुणालीने कपाळ गायीच्या मानेला टेकवलं. इतकं हरलेलं मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

आता मला दोनच गोष्टी करता येत होत्या, गप्प उभं राहणं किंवा पर्स उघडणं. मी पर्स उघडली. क्रोसिन, हळदीकुंकवाची पुडी, आहेराचं पाकीट, आणि रुमाल. सोडवताना रुमालाची गाठ सुटेना. चाकू निघाला तर उघडेना, मी नखाने ओढत बसले, चुकीच्या बाजूने.

“इकडे दे.”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. अंगठ्याने एकदाच ढकललं, पातं उघडलं. बोटांच्या आधाराने तिने ते दोरीखाली आडवं सरकवलं. मग पाठ गायीकडे, धार बाहेर असं फिरवून वर ओढलं. दोनदा. तिसऱ्यांदा दोरी तुटली. गायीने घेतलेला श्वास माझ्या साडीच्या निऱ्यांपर्यंत आला, शेंबडासकट.

गाय उठायला अर्धा तास लागला. कुणालीने तिच्या पोटाला हात लावून वासरू हलतंय का ते पाहिलं आणि मान डोलावली. सावळी माझ्या पर्सकडे पाहत म्हणाली, “तुमी पण ठेवता होय चाकू? बरं करता.”

“हो,” मी म्हटलं. “कामाला लागतो.”

स्कूटरवर कुणालीने आरसा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, “पर्समध्ये कसा गेला?”

“चुकून.”

“रुमालात गुंडाळून?”

मी पर्सची चेन लावली.

“गेली असती आई, ती.”

“माहितेय.”

साखरपुड्यात आम्ही पोचलो तेव्हा केक संपला होता. तिच्या ड्रेसवर चिखल, माझ्या साडीवर गायीचं ते. नवऱ्यामुलाच्या मावशीने नाकाला पदर लावून विचारलं, “मुलगी करते काय?” क्षेत्र हा शब्द जिभेवर आलाही होता. पण त्या वासाला तो शोभला नसता. “गुरांवर उपचार करते,” म्हटलं.

भीती गेली, असं कुणी समजू नये. पोलीस, मांडी, हिसकावणारा, सगळे जागेवर आहेत. फक्त सोमवारी मी तिच्या कामाच्या चारही पॅन्टींना उजव्या खिशात जुन्या जीन्सच्या कापडाचं दुहेरी अस्तर शिवलं. चाकू मिटून आत घातला, उडी मारून पाहा म्हटलं, तिने मारली. सासरे ओट्यावर बसून कोयता घासत सगळं बघत होते.

“सूनबाय,” ते म्हणाले, “माझ्या कोयत्याला पण एखादं झबलं शिव गो. एसटीत गार लागतं त्याला.”